मितूचा इसब आणि पिठाचा गोळा

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याही घरी एक छोटं माणूस उशीवर गाल घासतंय आणि आजूबाजूचं प्रत्येक मोठं माणूस तुम्हाला सल्ला देतंय. खाजेबद्दल मी थोडंफार सांगू शकते. सल्ल्यांवर माझ्याकडे औषध नाही.

माझी मुलगी संघमित्रा. घरात मितू. आम्ही कामोठ्यात राहतो: मी, मितू, माझा नवरा प्रशांत आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. प्रशांत रबाळ्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे, मी बेलापूरला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. म्हणजे बघत होते, आणि आता पुन्हा बघते. मधलं जे काय झालं ते लिहायला बसलेय. शांतपणे लिहीन असं वचन देत नाही.

घामोळं आहे, जाईल

मितू चार-पाच महिन्यांची असताना तिच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे आले. सगळे म्हणाले, घामोळं आहे. मग म्हणाले, लाळेने होतं. मग दात येतायत. लिफ्टमध्ये भेटणारी बाई, जिचं नाव मला अजून माहीत नाही, ती म्हणाली, "बेबीला गोमूत्र लावून बघा ना." मी तिसऱ्या मजल्यावरच उतरले आणि जिन्याने वर गेले.

चट्टे गालावरून मानेत गेले, मानेतून कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचेत. पोरगी दूध पितानाही एका हाताने स्वतःला ओरबाडायची. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असायचे. बाहेर नेली की लोक आधी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, मी तिला आंघोळच घालत नसल्यासारखं.

घरात त्याचं कारण ठरलेलं होतं. कारण मी होते.

"गरोदरपणात वांगं खात होतीस. मी तेव्हाच बोलले होते," आई म्हणाल्या.

झालं. माझं वांगं बंद, अंडं बंद, सुकट बंद, शेंगदाणे बंद, दही बंद. अंगावर पाजत होते ना, म्हणून पथ्य माझ्या बोडक्यावर. मी दोन्ही वेळा मुगाचं वरण आणि भात खाऊन दिवस काढले. माझे केस मूठमूठ गळायला लागले आणि मितूची खाज होती तिथेच राहिली. प्रशांतला विचारलं तर तो म्हणाला, "आई एवढं सांगते तर थोडे दिवस कर ना, टेन्शन कशाला घेतेस?" हे बोलताना तो अंडाभुर्जी खात होता. मी ताट उचलून नेलं फक्त, अर्धं खाल्लेलं.

कळलं तो दिवस

शेवटी पनवेलला एका त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी, आई आणि मितू. मॅडमनी तिचे कपडे काढायला लावले, नीट बघितलं, माझी नखं पण बघितली. म्हणाल्या, "लहान मुलांचा इसब आहे. त्वचा फार कोरडी असते, तिच्यात पाणी टिकत नाही. मग खाज, मग जखम, मग आणखी खाज."

"बरा कधी होईल?"

"बऱ्याच मुलांचा वाढत्या वयात कमी होतो. तोपर्यंत सांभाळायचं."

सांभाळायचं! या शब्दाचा मला इतका राग आला की विचारू नका. मी एका गोळीची, एका बाटलीची, कसल्यातरी शेवटाची वाट बघत होते आणि हातात काय आलं, तर सांभाळायचं.

मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला इसब, दमा, सारख्या शिंका असा काही त्रास?"

माझ्याकडे कोणाला नव्हता. मी आईंकडे बघितलं. "आमच्यात कोणालाच नाय," आई म्हणाल्या.

"आणि बाळाच्या आईने काय खाल्लं म्हणून हे झालेलं नाही," मॅडम मला म्हणाल्या. "नीट जेवा. तपासल्याशिवाय एकही पदार्थ बंद करायचा नाही."

मला वाटलं, चला, निदान वांग्याचा विषय मिटला. रिक्षात बसल्या बसल्या आई म्हणाल्या, "डॉक्टर लोकांचं काय, मलम दिलं की त्यांचं काम झालं. ही अंगातली घाण असते, बाहेर पडू द्यायची. दाबली की आत जाते, मग दमा होतो." आणि घरी येऊन माझ्या पानात वरण-भातच वाढला.

मलम आणि तिळाएवढा धीर

मॅडमनी दोन गोष्टी दिल्या होत्या. एक बिनवासाचं जाडसर क्रीम, दिवसातून बऱ्याच वेळा लावायचं. दुसरं औषधी मलम, फक्त चट्ट्यांवर, मोजके दिवस. मेडिकलवाला पिशवी देताना म्हणाला, "मॅडम, यात स्टेरॉइड आहे हां, जपून." प्रशांतने मोबाइलवर शोधून अशी काही भयंकर चित्रं काढली की आम्ही दोघं गारच पडलो. मग काय, ते मलम आम्ही तिळाएवढं लावायचो, एक दिवस लावायचो, दोन दिवस सोडायचो. अर्थात उपयोग शून्य. पुढच्या खेपेला मॅडमनी चांगलं झाडलं. "घाबरून अर्धवट लावाल तर पोरीला जास्त दिवस त्रास होईल. सांगितलं तेवढं लावा, सांगितलं तेव्हा थांबवा. मनाने वाढवू नका, मनाने कमी करू नका."

त्यांनी सांगितलं तसं लावलं आणि चार दिवसांत कोपरं मऊ पडली. मितू माझ्या मांडीवर सलग झोपली. मी टीव्ही बंद करून, पंख्याखाली, काहीही न करता बसून राहिले. बाळंतपणानंतर एवढं सुख मला पहिल्यांदा मिळालं होतं.

ते टिकलं असतं. पण आमच्याकडे गोळा होता.

गोळा

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डाळीचं पीठ, हळद, साय आणि तेल मळून घट्ट गोळा करायचा आणि बाळाच्या अंगावर रगडून फिरवायचा. अंगावरची लव जाते म्हणे. मुलगी असेल तर जास्तच रगडायचा. मग कडकडीत पाणी, शक्यतो कडुनिंबाचा पाला उकळलेलं, आणि वर ओव्याची धुरी. माझ्या माहेरीही करतात, त्यामुळे मी एकट्या सासूबाईंना नावं ठेवत नाही. चांगल्या कातडीची बाळं हे सगळं सोसतात. मितूची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी.

मॅडमनी साफ सांगितलं होतं. कोमट पाणी, थोडाच वेळ, घासायचं नाही, धूर नाही, पावडर नाही. पाला उकळून तर नाहीच, त्याने कातडी आणखी कोरडी पडते.

"आमी काय पोरं वाढवली नाय काय?" आई म्हणाल्या. "गरम पाण्याने कशी गप बसते बघ. खाज मरते."

आणि गंमत म्हणजे ती खरंच गप बसायची. गरम पाण्याने घटकाभर खाज थांबते, म्हणूनच तर सगळे फसतात. तासाभराने पोर अंगाची नुसती लाही झाल्यासारखी किंचाळायची.

"मुलीची जात आहे. असे डाग घेऊन उद्या कुठं जाणार ती?" हे तर रोजचंच. मी एकदा भडकून म्हटलं, "उद्याचं राहू द्या, तिला आज झोप येऊ द्या!" त्यावर दोन दिवस अबोला. एवढ्याशा घरात दोन बायकांचा अबोला म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. प्रशांत सेकंड शिफ्ट मागून घ्यायला लागला. मी त्याला म्हटलं, "पळ तू, पळ." तो खरंच पळाला.

मग आंघोळ मी माझ्या हातात घेतली, मी घरी होते तोपर्यंत निभलं. पण माझी रजा संपत आली होती. एकदा वाढवून घेतली, परत वाढवली. साहेबांनी फोन करून सरळ सांगितलं, या महिन्यात या, नाहीतर दुसरं माणूस घेतो. एका पगारात आमचं घर चालत नाही. पाळणाघराने मितूचे हात बघून "बाकीच्या मुलांचे पॅरेंट्स" वगैरे सुरू केलं. इसब संसर्गाचा नसतो हे मी त्यांना तीनदा सांगितलं. उपयोग झाला नाही.

म्हणजे मितूला आईंकडेच ठेवायचं. आणि माझा आईंवर काडीचा विश्वास नव्हता.

एकच दिवस

मी एक दिवस ऑफिसला जाऊन यायचं ठरवलं. जाताना सगळं मांडून ठेवलं. क्रीम, सुती झबलं, टॉवेल. "आंघोळ मी घातली आहे. तुम्ही फक्त क्रीम लावा. बाकी काही करू नका, हात जोडते."

"बरं बाई," आई म्हणाल्या.

संध्याकाळी दार उघडलं आणि नाकात ओव्याचा वास शिरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मितू दुपट्यात गुंडाळलेली होती. दुपटं सोडलं तर पाठ, मांड्या, कोपरं, सगळं सोलवटल्यासारखं लालभडक. तिच्या नखांच्या कडेला हळदीचं पीठ अडकलेलं.

"रडत होती," आई म्हणाल्या. "मग घातली आंघोळ. छान झोपली नंतर."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं एवढं नक्की.

एक दिवस गेला आणि कोपराच्या खाचेत पिवळट खपल्या धरल्या, त्यातून पाणी यायला लागलं. मग ताप. हे वाचणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवा. पिवळी खपली, पू, ताप, किंवा पोर मलूल पडलं, की घरगुती काही करत बसू नका. उचला आणि डॉक्टरकडे न्या. आम्ही नेलं. मॅडमनी त्यांच्या हॉस्पिटलात ॲडमिट करून घेतलं.

वॉर्डात

हॉस्पिटलचे दिवस सगळे सारखेच. सकाळी राउंड, मग सलाइनची नळी तपासायला सिस्टर, मग फरशी पुसणारी मावशी, जी रोज विचारायची, "भाजलं काय पोरीला?" इतक्याशा हाताला सुई लावताना तीन जणांनी धरलं होतं. मितू माझ्याकडे बघून ओरडत होती आणि मी पण तिला धरणाऱ्यांपैकीच एक होते. ते मला अजून आठवतं.

चांगलं एवढंच की ताप उतरला आणि एका केरळच्या सिस्टरने मला आंघोळ शिकवली. हो, आंघोळ. पाण्यात आपलं कोपर बुडवून बघायचं, गरम लागता कामा नये. हाताने नुसतं पाणी फिरवायचं. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. आणि अंग दमट असतानाच क्रीम थापायचं. "चोळू नको, लाव. असं, अंगावरच्या केसांच्या दिशेने," ती तिच्या मराठीत म्हणाली. "क्रीमचा डबा लवकर संपला पाहिजे. डबा खूप दिवस पुरला, म्हणजे तू कमी लावते."

आई रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. डबा घ्यायचे, जेवायचे, धुऊन परत द्यायचे. त्या कॉटशेजारी स्टुलावर बसून मितूकडे बघायच्या. मितूच्या हातांना मोजे बांधले होते, ओरबाडू नये म्हणून. ती मोज्यानेच मान घासत होती.

अशाच एका दुपारी आई एकदम म्हणाल्या, "हे माझ्याकडून आलंय."

मी म्हटलं, "काय?"

त्यांनी ब्लाउजची बाही वर केली. त्या कायम कोपराखालपर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवतात, उन्हाळ्यातही. जुन्या वळणाच्या आहेत म्हणून, असं मी समजत होते. कोपराच्या आतली कातडी काळपट, जाड, सुरकुतलेली. मितूचं जिथे होतं, बरोबर तिथेच.

"मला लहानपणापासनं. माझी आई असाच गोळा फिरवायची, असाच पाला उकळायची. बघायला आले तेव्हा लांब बाह्यांचा पोलका शिवला. लग्न झाल्यावर ह्यांना कळलं. बोलले, खोट लपवून गळ्यात मारली. सासूने तर वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाय." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "मग मी तोंड शिवलं. प्रशांतला पण माहीत नाय. पोरीला बघितली आणि वाटलं, घासून घासून निघेल. माझं निघालं नाय, हिचं तरी निघेल."

आता इथे मी त्यांना मिठी मारली असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. मी नाही मारली. मला दया आली नाही, संताप आला. मी म्हटलं, "आई, मी सहा महिने वरण-भात खाल्ला. माझे केस गेले. सोसायटीत, माझ्या माहेरी, सगळ्यांना तुम्ही सांगितलंत की मी वांगं खाल्लं म्हणून झालं. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"तुझ्यावर गेलं तर माझ्यावर येणार नाय, असं वाटलं."

एवढं सरळ कोणी बोललं की भांडायची पण सोय राहत नाही. मी मितूला उचललं आणि पॅसेजमध्ये जाऊन मनसोक्त रडले. रागानेच रडले. परत आले तेव्हा आई तशाच बसल्या होत्या, बाही अजून वरच.

संध्याकाळी राउंडला मॅडम आल्या तेव्हा आईंनी स्वतःच हात पुढे केला. मॅडमनी हात धरून उजेडात बघितलं. "आजी, यात खोट कसली? वळण असतं घराण्याचं. डोळे तुमच्यासारखे, हे पण तुमच्यासारखं." मग विचारलं, "याला तुम्ही काय लावता?"

"काय नाय."

"खाजतं?"

"रोज."

आता

मितू आता पावणेदोन वर्षांची आहे. इसब गेलेला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा लेखांच्या शेवटी सगळं गेलेलं असतं आणि वाचणारी बिचारी स्वतःलाच दोष देत बसते. थंडी पडली की उठतो, घाम आला की उठतो, कधी काही कारण नसताना उठतो. मला अजूनही वैताग येतो. क्रीमने चादरी तेलकट, माझे कपडे तेलकट, मोबाइल तेलकट. कुठे एक दिवस जायचं तर पोरीपेक्षा तिचं सामान जास्त.

पण आता काय करायचं ते माहीत आहे. कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, लगेच क्रीम. नखं कापलेली. कपडे सुती आणि सैल, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळलेले. घरात अगरबत्तीसुद्धा नाही, मेणबत्ती लावतो. खाज वाढली की गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं थोडा वेळ ठेवायचं आणि मग पुन्हा क्रीम. मलम मॅडम सांगतील तेव्हा आणि तेवढंच. तुमच्या बाळाला कुठलं लागेल ते तुमच्या डॉक्टरना विचारा, मला नका विचारू, आणि लिफ्टमधल्या बाईला तर अजिबात नका.

मी पुन्हा वांगं खाते. भरलं वांगं. आई करतात.

राहिला नोकरीचा प्रश्न. हॉस्पिटलमधून आल्यावर साहेबांनी शेवटची मुदत दिली. प्रशांत म्हणाला, सोड नोकरी, बघू काहीतरी. त्याला सोपं होतं. मला आईंचं खोटं बोलणं माफ करता येत नव्हतं. आंघोळीपेक्षा ते "छान झोपली नंतर" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी नसताना काय झालं ते मला खरं कळणार नसेल, तर मी कशी जाऊ? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

तरी गेले. दुसरा इलाजच नव्हता. पहिला दिवस माझा नुसता मोबाइलकडे बघण्यात गेला. दर थोड्या वेळाने फोन करायचे आणि आई म्हणायच्या, बरी आहे, खेळते, जेवली. मला एकही शब्द खरा वाटत नव्हता. घरी येऊन मी पोरीला चोरासारखी तपासायचे. आई बघायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. आठवडाभर असंच चाललं.

मग एका दुपारी फोन आईंचा आला, त्यांनी स्वतःहून केलेला. त्या कधी फोन करत नाहीत. मी हातातली फाइल तशीच टाकली.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी भात लावायला गेले तेवढ्यात तिने कोपर खाजवलं. रक्त आलंय. बरंच आलंय. माझं लक्ष नव्हतं, ती चूक माझी. गार फडकं ठेवलं, मग क्रीम लावलं. ताप नाय, पिवळं काय नाय, दोनदा बघितलं. आता खेळतेय. तुला बोल लावायचा तर लाव. पण तू घरी येऊन बघण्याआधी मी सांगितलं."

मागे मितू कशावर तरी चमचा बडवत होती. मी एव्हाना पर्स खांद्याला लावून ऑफिसच्या दारापर्यंत आले होते.

"येतेस काय घरी?" आईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही आहात ना."

आणि जागेवर येऊन बसले, काम केलं, आणि सुटायच्या वेळेलाच सुटले.